वेब-प्रणालीतील नेहमीच्या अडचणी आणि त्यांची उकल
(विद्यार्थी व कार्यकर्त्यांसाठी अभ्यासलेख)

शाळा-महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सातबारा, रहिवासी दाखला ही सर्व कामे आज संगणकाच्या पडद्यावर आली आहेत. पूर्वी खिडकीपलीकडे कारकून असे. अर्जात चूक असली तर तो बोट ठेवून दाखवीत असे. आता त्या जागी एक वेब-प्रणाली आहे आणि ती चूक दाखवतेच असे नाही. विद्यार्थ्याचे नाव दाखल्यावर एक व अर्जात दुसरे दिसते, जन्मतारीख एक दिवसाने मागे जाते, बँक खात्याच्या क्रमांकातील आरंभीचे शून्य गळून पडते. आणि वर्षाची शिष्यवृत्ती एवढ्याशा कारणाने अडकते. दोष प्रणालीचा असतो, पण हेलपाटे विद्यार्थ्याला आणि त्याच्या आईवडिलांना घालावे लागतात.

आपल्या भागातील अनेक मुलेमुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. उद्या त्यांच्यापैकीच कोणीतरी अशा प्रणाली तयार करणार आहे. प्रस्तुत लेखात वेब-प्रणाली तयार करताना वारंवार येणाऱ्या अडचणी, त्यांची कारणे व उपाय क्रमाने मांडले आहेत. समजावून घेण्यासाठी एकच उदाहरण सर्वत्र घेऊ : एखाद्या संस्थेला सभासदांची नोंदवही आणि विद्यार्थ्यांचे मदतीचे अर्ज वेबवर ठेवायचे आहेत, असे समजा.

१. प्रणालीचे तीन भाग

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळू लागले. तेव्हापासून साधने पुष्कळ बदलली, परंतु मूळ रचना तीच आहे.

तिचे तीन भाग पडतात. पहिला ब्राउझर, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातील पडदा. दुसरा सर्व्हर, म्हणजे अर्ज स्वीकारून त्यावर निर्णय घेणारा संगणक. तिसरा डेटाबेस, म्हणजे नोंदी जपून ठेवणारे कपाट. अडचण आली की प्रथम एवढेच विचारावे : दोष या तीनपैकी कोठे आहे?

याचे उत्तर मिळवण्यास सर्व्हरने पाठवलेला तीन आकडी क्रमांक फार उपयोगी पडतो. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. ४०३ म्हणजे पान पाहण्याची परवानगी नाही. ५०० म्हणजे सर्व्हरवरील कार्यक्रम मध्येच कोसळला. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आले नाही. चारशेच्या मालिकेत बहुधा मागणीत काही चुकलेले असते, पाचशेच्या मालिकेत सर्व्हरच्या बाजूला. पाचशे आले असता विद्यार्थ्याला ‘पुन्हा नीट भरा’ असे सांगणे अन्यायाचे आहे, कारण त्याच्या भरण्यात काही चुकलेले नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेबचा सर्व्हर स्वभावतः विसराळू आहे. प्रत्येक मागणी त्याला नवीनच वाटते. मघाचा माणूस तोच हा, हे ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये एक लहान खूण ठेवली जाते. तिला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली यांनी १९९४ साली ती वेबवर आणली. गावातील सेवा केंद्रात एकाच संगणकावर दिवसभरात तीस-चाळीस विद्यार्थी अर्ज भरतात. आधीच्याने खाते बंद केले नाही तर खूण त्याचीच राहते आणि दुसऱ्याचा अर्ज पहिल्याच्या खात्यात जातो. म्हणून प्रत्येक पानावर अर्जदाराचे नाव ठळक दिसावे, काही काळ हालचाल नसेल तर खाते आपोआप बंद व्हावे आणि बाहेर पडण्याचे बटण सहज सापडावे.

२. देवनागरी अक्षरांच्या अडचणी

मराठी प्रणालीत सर्वांत अधिक तक्रारी अक्षरांच्या असतात. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मूळ गटाला १२८ जागा आहेत. हे क्रमांक साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात.

अक्षरे बिघडलेली दिसली की घाबरून सर्व मजकूर पुन्हा टंकू नये. बिघाड कसा दिसतो यावरून रोग ओळखता येतो.

(अ) चौकोन दिसत असल्यास मजकूर शाबूत आहे, फक्त त्या संगणकात देवनागरी फाँट नाही. फाँट द्यावा, नोंदीला हात लावू नये.

(आ) डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ व त्याच्यासोबत विचित्र चिन्हे पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर यूटीएफ-८ मधील मजकूर दुसऱ्याच पद्धतीने वाचला जात आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्यामुळे तोच ‘ए’ सारखा दिसतो. पानाच्या आरंभी अक्षरपद्धती यूटीएफ-८ अशी जाहीर करावी. सर्व्हर व डेटाबेस यांच्या जोडणीतही तीच नेमावी.

(इ) प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर डेटाबेसमध्ये काय साठले आहे ते आधी पाहावे. तेथे खरी अक्षरे असतील तर जोडणीची पद्धत बदलली की काम झाले. तेथेही प्रश्नचिन्हेच साठली असतील तर मूळ मजकूर गेला. तो कागदावरून पुन्हा भरण्यावाचून उपाय नाही. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसची मूळ नेमणूक अनेक वर्षे युरोपीय अक्षरांची होती, २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून ती यूटीएफ-८ ची झाली. जुन्या प्रणालीत म्हणून हा दोष अजून सापडतो.

(ई) जुन्या स्मरणिका व अहवाल यांच्या फाइली उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. त्या काळच्या फाँटांत रोमन अक्षराच्या जागेवर मराठी आकृती बसवलेली असे. तो मजकूर युनिकोड नव्हेच. त्यासाठी रूपांतराचा कार्यक्रम वापरावा आणि नंतर मूळ छापील प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहावी.

लांबी मोजण्यातही फसगत होते. ‘मुरुड’ हे नाव आपण तीन अक्षरांचे म्हणतो. युनिकोडच्या हिशेबाने म, उकार, र, उकार, ड अशी पाच चिन्हे होतात आणि बाइट पंधरा होतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरे चार, चिन्हे दहा आणि बाइट तीस. आता कार्यक्रम लिहिणाऱ्याने रोमन नावाचा अंदाज घेऊन नावासाठी तीस बाइटांची मर्यादा घातली, तर ‘महाराष्ट्र’ या एकाच शब्दाने ती भरून जाते. संपूर्ण नाव मध्येच कापले जाते, कधी शेवटचे अक्षर अर्धेच राहते. नाव, वडिलांचे नाव व आडनाव यांना मर्यादा घालताना चिन्हे मोजावीत, बाइट नव्हे. आणि मर्यादा सढळ ठेवावी.

याहून नाजूक अडचण सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या साठलेल्या शब्दांची आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन रीतींनी टंकता येतो. एकीत खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य येतात. दुसरीत साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य येतात. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. शोध घेताना मात्र संगणक त्यांना दोन भिन्न शब्द समजतो. तीच गत ‘ॲड.’ या बिरुदाची. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्यापूर्वी अ आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे जोडून ते लिहिले जाई, आणि तशा नोंदी आजही आहेत. अशा वेळी नोंद साठवण्यापूर्वी आणि शोधाचा शब्द घेतल्यावर दोन्ही ठिकाणी एकाच ठरलेल्या रूपात आणावे.

अदृश्य जोडचिन्ह नको म्हणून सरसकट पुसून टाकू नये. ते गेले की ‘आचाऱ्यांना’ याचे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाक करणाऱ्यास गुरूचे स्थान मिळते. डोंगरातील ‘दऱ्या’ जाऊन समुद्राचा ‘दर्या’ येतो. सोपा वाटणारा उपाय लावण्यापूर्वी भाषा पाहावी लागते, ती अशी.

क्रमवारीचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो ल नंतर बसला आहे. केवळ क्रमांकाने यादी लावल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी येते आणि शब्दकोशाच्या सवयीने शोधणाऱ्यास सापडत नाही. डेटाबेसमध्ये मराठीची क्रमवारी मिळत असेल तर तीच निवडावी.

३. गावे आणि जिल्हे यांची नावे

नवखा विद्यार्थी गावाचे नाव जसेच्या तसे साठवतो व त्यावरूनच नोंद शोधतो. आता आपले मुरुडच घ्या. लातूर जिल्ह्यात मुरुड आहे, रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ मुरुड आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातही मुरुड आहे. निव्वळ ‘मुरुड’ एवढ्यावरून पत्र कोठे जाईल?

हा प्रश्न संगणकाच्या आधी टपालखात्याला पडला होता. गावांची सारखी नावे व पत्त्यांच्या निरनिराळ्या लिप्या यांमुळे पत्रे चुकत. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर सहा आकडी पिनकोडची योजना तयार केली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. नाव माणसासाठी आणि क्रमांक यंत्रणेसाठी, हे तिचे तत्त्व डेटाबेसलाही लागू पडते. परंतु पिनकोड टपाल कार्यालयाच्या वाटपाचा असतो; एका पिनकोडखाली अनेक गावे येतात. गाव निश्चित ओळखायचे असेल तर केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतील गावाचा संकेतांक घ्यावा.

जिल्ह्यांचा प्रश्न त्याहून बिकट आहे, कारण जिल्हे बदलतात. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. परभणीतून हिंगोली १९९९ मध्ये निघाला. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला आणि औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाला. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आता १९७५ साली मुरुड येथे जन्मलेल्या सभासदाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद असणार आणि आजच्या पत्त्यावर लातूर. दोन्ही खरे आहेत. प्रणालीने मात्र ‘जिल्हा जुळत नाही’ म्हणून अर्ज परत केला तर चूक प्रणालीची.

उपाय असा : जिल्ह्यांचा एक स्वतंत्र तक्ता करावा. प्रत्येक जिल्ह्यास न बदलणारा संकेतांक द्यावा आणि सभासदाच्या नोंदीत तो संकेतांकच ठेवावा. नावे दुसऱ्या तक्त्यात, कोणत्या दिवसापासून कोणते नाव हे सांगणाऱ्या तारखेसह ठेवावीत. नाव बदलले की एका ठिकाणी एक ओळ वाढते. हजार नोंदी खोडाव्या लागत नाहीत. जिल्ह्याची विभागणी झाल्यास मात्र नुसते नाव बदलून भागत नाही. त्यासाठी गावाचा जिल्हा कोणत्या तारखेपासून कोणता, हे वेगळे नोंदवावे लागते.

४. तारखा आणि वेळा

आपण दिवस, महिना, वर्ष या क्रमाने तारीख लिहितो. अमेरिकेत महिना आधी येतो, आणि अनेक साधनांची मूळ नेमणूक अमेरिकन असते. या दोषाची खोडी अशी की तो सर्व तारखांत दिसत नाही. १४/४/१९९० ही तारीख अमेरिकन रीतीने वाचता येत नाही, कारण चौदावा महिना नसतो. संगणक तत्काळ चूक दाखवतो. परंतु ६/१२/१९९० ही तारीख तो गुपचूप १२ जून अशी वाचतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रणाली तपासताना १४ एप्रिलसारखी तारीख घालून समाधान मानू नये. ६ डिसेंबरसारखी तारीखही घालून पाहावी. साठवताना वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम ठेवावा आणि पडद्यावर महिन्याचे नाव अक्षरांत दाखवावे.

दुसरा दोष वेळेच्या फरकाचा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. ब्राउझरने ‘१४ एप्रिल, रात्री बारा’ असा क्षण धरून तो जागतिक वेळेत पाठवला, तर सर्व्हरला ‘१३ एप्रिल, सायंकाळी साडेसहा’ असे मिळते. वेळ कापून केवळ तारीख ठेवली की जन्मतारीख एक दिवस मागे जाते. जन्मतारीख हा क्षण नव्हे, तो पंचांगातील दिवस आहे. तो दिवस म्हणूनच पाठवावा व साठवावा, त्यास वेळ चिकटवू नये. अर्ज कोणत्या क्षणी आला ही नोंद मात्र जागतिक वेळेत ठेवावी आणि दाखवताना भारतीय वेळ दाखवावी.

तिसरी गोष्ट, मायएसक्यूएलमधील टाइमस्टॅम्प हा प्रकार १९७० पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतच चालतो. ज्येष्ठ सभासदांच्या जन्मतारखा त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी साधा तारीख हा प्रकार वापरावा.

येथे आपल्या समाजाची एक ओळखीची गोष्ट सांगणे अवश्य आहे. जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. आईवडिलांना तारीख ठाऊक नसे, शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहीत. त्यामुळे नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस एकच, असे समजून प्रणालीने दुसरी नोंद नाकारली, तर खऱ्या माणसाचा हक्क जातो. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक द्यावा. नाव व तारीख जुळल्यास सूचना द्यावी, नकार देऊ नये.

५. आकडे दिसणाऱ्या, पण संख्या नसणाऱ्या गोष्टी

खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि पिनकोड यांची कोणी बेरीज करीत नाही. म्हणून त्या संख्या नव्हेत. ते मजकूर म्हणून साठवावेत. संख्या म्हणून साठवल्यास खात्याचे आरंभीचे शून्य गळते. एक्सेल पंधरापेक्षा अधिक सार्थ अंक ठेवत नाही; सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक तेथे शून्य होतो.

बँकेच्या आयएफएससी संकेतांकात एकूण अकरा चिन्हे असतात : आधी चार रोमन अक्षरे, पाचवे नेहमी शून्य आणि नंतर शाखेची सहा चिन्हे. विद्यार्थी पाचव्या जागी शून्याऐवजी रोमन ‘ओ’ टंकतात. एवढे एक तपासून तेथेच सांगितले तर शिष्यवृत्तीची रक्कम परत जाणे टळते. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ते अर्ज भरतानाच कळू शकते.

मराठी कळफलकावर काही विद्यार्थी देवनागरी आकडे टंकतात. ‘चुकीचा क्रमांक’ म्हणून तो अर्ज फेटाळू नये. सर्व्हरने दहा आकड्यांचे रूपांतर करून घ्यावे. ते दहा ओळींचेही काम नाही. भाषेसाठी माणसाने यंत्राला शरण जाण्याचे कारण नाही.

छायाचित्रांबाबत एक सूचना. पीएचपीमध्ये चढवावयाच्या फाइलीची मूळ मर्यादा दोन मेगाबाइट असते. आजच्या फोनवर काढलेला दाखल्याचा फोटो पुष्कळदा तिच्याहून मोठा असतो. मर्यादा किती हे अर्जावरच लिहावे, शक्य तर ब्राउझरमध्येच फोटो लहान करून पाठवावा आणि फाइल नाकारल्यास बाकी भरलेला मजकूर पुसू नये.

६. दोनदा गेलेला अर्ज आणि शेवटची जागा

शेवटच्या तारखेस वीज व नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. विद्यार्थी बटण दाबतो, काही दिसत नाही, पुन्हा दाबतो. दोन अर्ज जातात, आणि ‘दुबार अर्ज’ म्हणून कदाचित दोन्ही बाद होतात.

यावर तीन उपाय एकत्र करावेत. पहिला, दाबल्याबरोबर बटण निष्क्रिय करून ‘अर्ज जात आहे’ असे दाखवावे. दुसरा, अर्जाचे पान देतानाच त्यात एक गुप्त एकवार-क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिलीच पोच दाखवावी. तिसरा, डेटाबेसमध्येच एका विद्यार्थ्यास एका वर्षी एका योजनेत एकच अर्ज असा निर्बंध घालावा. पहिला उपाय सोयीचा आहे, खरे रक्षण दुसरा व तिसरा करतात. शिवाय अर्ज स्वीकारल्यावर सर्व्हरने ब्राउझरला पोचपावतीच्या वेगळ्या पानावर धाडावे, म्हणजे पान ताजे केले तरी अर्ज पुन्हा जात नाही.

याच जातीची दुसरी अडचण पाहा. वसतिगृहात एक जागा उरली आहे. दोन ठिकाणी दोघांनी एकाच क्षणी पाहिले. दोघांनाही ‘एक जागा’ दिसली आणि दोघांनाही प्रवेश मिळाला. पाहणे आणि घेणे या दोन क्रियांमध्ये फट राहिली, म्हणून हे घडले. त्या दोहोंची एक क्रिया करावी. ‘शिल्लक शून्याहून अधिक असेल तरच एकने कमी कर’ अशी एकच आज्ञा डेटाबेसला द्यावी आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. एक बदलली तर जागा मिळाली, शून्य तर नाही. जागा कमी करणे आणि प्रवेशाची नोंद करणे ही दोन्ही कामे एका व्यवहारात बांधावीत, म्हणजे अर्ध्यावर वीज गेल्यास दोन्ही रद्द होतात.

७. सुरक्षितता

अर्जात लोकांची जात, उत्पन्न, खाते, पत्ता असतो. ही माहिती फुटली तर त्रास गरिबाला होतो. म्हणून तीन नियम पाठ करावेत.

पहिला : बाहेरून आलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत जोडून लिहू नये. गोव्याकडील ‘डि'सूझा’ या आडनावातील वरचे टिंब आज्ञेतील अवतरणचिन्ह मध्येच बंद करते आणि प्रणाली कोसळते. जे टिंब सज्जनाचा अर्ज पाडते, तेच वापरून दुर्जन स्वतःची आज्ञा घुसवतो. या हल्ल्याची जाहीर चर्चा १९९८ पासून आहे, तरी तो आजही सापडतो. आज्ञा आधी तयार ठेवून मूल्ये वेगळी देण्याची सोय प्रत्येक भाषेत आहे; तीच वापरावी. टिंबालाच बंदी घालणे हा उपाय नव्हे, ते त्या माणसाचे नाव आहे.

दुसरा : पडद्यावर परत दाखवताना मजकुरातील खास चिन्हे निष्प्रभ करावीत, नाहीतर एकाने लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो.

तिसरा : परवलीचा शब्द जसाच्या तसा साठवू नये. १९९९ साली प्रसिद्ध झालेली बीक्रिप्ट किंवा तिच्यासारखी पद्धत वापरून त्याचा न उलटणारा ठसा साठवावा. त्याचप्रमाणे पत्त्यातील अर्ज क्रमांक बदलला की शेजाऱ्याचा अर्ज दिसतो काय, हे प्रत्येक पानावर तपासावे. ब्राउझरमधील तपासणी सोयीसाठी असते. अधिकाराची तपासणी सर्व्हरवरच व्हावी.

८. दोष शोधण्याची रीत

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-दोन या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. दोषाला ‘बग’ म्हणण्याची चाल त्याआधीची असली तरी ती नोंदवही आपल्याला एक धडा देते : दोष सापडला की तो तारखेसह लिहून ठेवावा.

दोष शोधताना पुढील क्रम पाळावा.

१) चुकीचा संदेश पूर्ण वाचावा. ‘काहीतरी एरर आला’ हे वर्णन नव्हे.
२) दोष पुन्हा घडवून पाहावा. कोणी, काय भरले, कोणते बटण दाबले, काय अपेक्षित होते व काय झाले, हे लिहावे.
३) निम्मे करीत जावे. डेटाबेसमध्ये नोंद बरोबर आहे का? असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. चार-पाच पायऱ्यांत जागा सापडते.
४) एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केल्यास कोणता लागू पडला ते कळत नाही.
५) बदलापूर्वी प्रत घ्यावी आणि ती प्रत परत बसवून पाहिलेली असावी. न तपासलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.
६) दुरुस्तीनंतर तोच दोष पकडणारी एक तपासणी कायमची लिहून ठेवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१) ‘नांदेड’ या शब्दात अक्षरे, युनिकोड चिन्हे आणि बाइट किती? (उत्तर : तीन, सहा, अठरा.)
२) जानेवारी ते डिसेंबरमधील कोणत्या तारखा दिवस-महिना उलटल्याने गुपचूप बदलतात? (संकेत : दिवस बारापर्यंतचा हवा. पण १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा तारखांचे काय होते?)
३) दोन सभासदांचे नाव एकच आणि जन्मतारीख १ जून असेल, तर त्यांना वेगळे ओळखण्यासाठी नोंदवहीत कोणती माहिती ठेवाल?
४) ग्रंथालयातील एकच प्रत दोघांना दिली जाऊ नये यासाठी डेटाबेसला कोणती एक आज्ञा द्याल?

वरील सर्व अडचणींकडे पाहिल्यास असे दिसते की, बहुतेक दोष यंत्रातून उद्भवत नाहीत. कार्यक्रम लिहिणाऱ्याने आपल्यासमोर कोणता माणूस धरला आहे, यावर ते अवलंबून असतात. रोमन लिपीत नाव लिहिणारा, जन्मतारीख ठाऊक असलेला, स्वतःचा संगणक व अखंड वीज असलेला माणूस समोर धरला, की १ जूनचा सभासद, ‘शेतकऱ्यांना’ टंकणारा कार्यकर्ता आणि सेवा केंद्राच्या रांगेतील विद्यार्थिनी प्रणालीच्या बाहेर राहतात. ही माणसे आपल्या मुलांनी घरात व गल्लीत पाहिलेली आहेत. त्यांच्यासाठी चालणारी प्रणाली ही मुले अधिक चांगली लिहू शकतील. विद्यार्थी मित्रांनी या लेखातील एकेक उदाहरण स्वतः संगणकावर करून पाहावे आणि जमलेले शेजारच्या विद्यार्थ्यास शिकवावे.